बद्द वाजणारं छत

आमच्या शॉमबर्गला वसंत येत नाही, आधी चिखल येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानांच्या पार्किंगमधले बर्फाचे ढीग वितळायला लागतात. हिवाळाभर बर्फ लोटणाऱ्या गाड्यांनी ते कोपऱ्यात रचलेले असतात आणि तोवर त्यांचा रंग कोळशासारखा झालेला असतो. त्यातून काय काय बाहेर पडतं. एकटाच हातमोजा, चेपलेले कॉफीचे कप, डिसेंबरात कुणाच्या तरी लेकराची हरवलेली टोपी. जरा ऊन पडलं की ऑफिसात कुणीतरी हाफ पँट घालून हजर होतो आणि सगळे त्याला हसतात. मला मात्र या दिवसांत घराबाहेर पडू नयेसं वाटतं. छपराच्या कडेवरून टपटप पाणी गळायला लागलं की मी खिडकी लावून घेते, आणि ती एप्रिल उजाडेपर्यंत उघडत नाही.

मी बांधकामाची इंजिनिअर आहे. नव्या इमारती उभ्या करणारी नव्हे, जुन्यांची नाडी बघणारी. कुणाच्या बाल्कनीला तडा गेलाय, कुठल्या शाळेच्या भिंतीने पोट काढलंय, ते पाहून कागदावर लिहायचं हे माझं काम. आमच्या धंद्यात मार्च म्हणजे सुगी. दिवसा वितळलेलं पाणी भेगेत शिरतं, रात्री त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि भेग केसभर रुंदावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळाभर हे गुपचूप चालतं आणि मार्चमध्ये गिलाव्याचा पोपडा कुणाच्या तरी डोक्याशेजारी पडतो. मग आम्हाला बोलावणी येतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका बोलावण्यावरून मी त्या चर्चमध्ये गेले.

चर्चचं नाव मी इथे लिहीत नाही, गावाचंही नाही. शॉमबर्गहून गाडीने तासाभरावर, जिथे एके काळी पोलादाचे कारखाने धडधडत होते आणि आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, अशा वस्तीतलं ते कॅथलिक चर्च. हे सगळं मी मराठीत लिहितेय, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्यातलं कुणी हे वाचणार नाही. इंग्रजीत लिहायचं धाडस माझ्यात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते वीजघर वाटलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, मंदीच्या दिवसांत बांधलेलं. तोवर या देशात चर्च म्हटलं की टोकदार कमानी, दगडी नक्षी आणि रंगीत काचांमधले संत. पण युरोपातली नवी चर्चं पाहून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टने इथल्या फादरना पटवलं की देवाच्या घराला काँक्रीटची लाज वाटायचं कारण नाही. बाहेरून साध्या तपकिरी विटा. मनोरा म्हणजे एक चौकोनी खांब, त्यावर ना घड्याळ ना कळस, नुसता लोखंडी क्रूस. म्हणे पहिल्या वर्षी वस्तीतले लोक नाराज होते. दिवसभर कारखान्यात राबायचं आणि रविवारी पुन्हा कारखान्यासारख्याच इमारतीत गुडघे टेकायचे, हा कुठला न्याय, असं म्हणायचे. धान्याचं गोदाम म्हणायचे त्याला.

आत गेलं की मात्र बोलणं आपोआप हळू व्हायचं. जमिनीतूनच उगवल्यासारख्या काँक्रीटच्या सात कमानी, एकामागे एक. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. कमानींवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेले, लाकडाच्या गाठीसुद्धा काँक्रीटमध्ये उमटलेल्या. दोन कमानींच्या मधे उंच अरुंद खिडक्या आणि त्यांना मधाच्या रंगाची साधी काच. बाहेर ढगाळ मार्च असला तरी आतल्या बाकांवर दुपार असायची. वेदी म्हणजे काळ्या दगडाचा एक ठोकळा. मागच्या कोऱ्या भिंतीवर एकच क्रूस. लपवाछपवी कुठे नाहीच. भार कसा वरून खाली येतो ते लहान पोरालाही दिसावं, अशी ती इमारत होती.

मी नागपूरच्या बौद्ध घरातली. आमच्या वस्तीतलं विहार लोकांनी रविवारी-रविवारी श्रमदानातून बांधलं होतं. चार भिंती, एक स्लॅब, एक मूर्ती आणि भरपूर उजेड. माझे बाबा गवंडी होते, नागपूरकडे मिस्त्री म्हणतात. विहाराचा स्लॅब त्यांच्या देखरेखीखाली ओतला गेला होता आणि पुढे कित्येक वर्षं जयंतीच्या दिवशी ते वंदना झाली की मान वर करून एकदा छताकडे बघून घ्यायचे. तर मला ते चर्च पहिल्या पाच मिनिटांतच आवडलं. आवडलं होतं, हे मुद्दाम लिहितेय. मी काही त्याच्या वाईटावर नव्हते.

किल्ल्या घेऊन दारात उभ्या होत्या त्या डॉरथीबाई. पंच्याऐंशीच्या पुढच्या, पाठीला बाक, डोक्यावर लोकरीची टोपी. चर्चमधली वस्त्रं धुणं, इस्त्री करणं, वेळेवर घालणं-काढणं हे काम त्या पन्नास वर्षं करत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातावर इस्त्री केलेला जांभळ्या कापडाचा मोठा गठ्ठा होता. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस या लोकांचे उपासाचे. त्यातल्या शेवटच्या दोन आठवड्यांत चर्चमधला क्रूस, मूर्ती सगळं जांभळ्या कापडाने झाकतात. गुड फ्रायडेला क्रूस उघडतात. ईस्टरला बाकीचं उघडतात आणि मग घंटा, फुलं, गाणी. डॉरथीबाईंनी मला हे सगळं कापड घालता घालता सांगितलं. मी शिडी धरली होती.

“तुझं नाव काय?”

“सुजाता.”

“मी सू म्हणू का? या वयात नवं काही तोंडात बसत नाही.”

म्हणा म्हटलं. इथे पंधरा वर्षं राहिल्यावर माणूस आपल्या नावाचे एवढे तुकडे होऊ देतो की एकाने काही फरक पडत नाही.

तपासणी म्हणजे आमची पद्धत तशी आदिमच आहे. माणसाला वर उचलणाऱ्या यंत्रात उभं राहून चाळीस फूट वर जायचं आणि हातोडीने छत ठोकत जायचं. काँक्रीट चांगलं असेल तर खणखणीत वाजतं. आत पाणी मुरून सळई गंजली असेल तर गंज फुगतो, काँक्रीटचा थर सुटतो, मधे पोकळी होते आणि आवाज बद्द येतो. बाजारात मडकं वाजवून घेतात त्यातलाच प्रकार. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करायची आणि हातातल्या नकाशावर तीच खूण उतरवायची. कमानी खणखणीत होत्या. पण कमानींच्या मधले छताचे भाग, पातळ गिलावा केलेले, ते ठोकायला लागले आणि माझे कान टवकारले. बद्द. थोडं पुढे खणखणीत. पुन्हा बद्द. दोन दिवस मी ठोकत होते. अर्ध्याहून अधिक छत बद्द वाजत होतं.

खाली उतरले तेव्हा खांदे भरून आले होते. डॉरथीबाईंनी तळघरातल्या स्वयंपाकघरातून मला बटाट्याचं सूप आणून दिलं. उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी तिथे तळलेल्या माशांचं जेवण असायचं, वस्तीतली उरलीसुरली म्हातारी माणसं त्यासाठी यायची. त्या दिवशीही तेलाचा वास वर येत होता.

“कसं आहे छत?” त्यांनी विचारलं.

“फार पोकळ वाजतंय,” मी म्हणाले.

“वाजणारच. बाबा म्हणायचे ना, छत हलकं व्हावं म्हणून आत मातीच्या रिकाम्या पेट्या भरल्यात. भाजलेल्या मातीच्या. त्यांनी स्वतः खांद्यावरून वर नेल्या. खाली एक बाई कुणाच्या किती फेऱ्या झाल्या ते नावापुढे लिहीत होती, आणि बाबा म्हणायचे, माझ्या खांद्यावर अजून ते छत आहे.”

मी हसले. चांगुलपणाने हसले, म्हातारीच्या गोष्टीला हसतात तशी. कारण माझ्या बॅगेत मूळ नकाशे होते. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, कार्यालयाने स्कॅन करून पाठवलेले, त्या तरुण आर्किटेक्टच्या सहीचे, सुंदर अक्षरातले. त्यात छताचे हे भाग भरीव काँक्रीटचे दाखवले होते. मातीच्या पेट्यांचा कुठे उल्लेख नव्हता. एका बाजूला सहीचा नकाशा, दुसऱ्या बाजूला एका हमालाने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुलीला सांगितलेली गोष्ट. कुठलाही इंजिनिअर कशावर विश्वास ठेवेल?

हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचा मला वीट येतो. कारण दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरचं मला सांगू नका, मी मिस्त्रीची मुलगी आहे.

मी नववीत असताना बाबा एका शाळेच्या इमारतीवर होते. पाया खणताना एका कोपऱ्यात माती भुसभुशीत लागली. बाबांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी नकाशा दाखवला. वर्षभरात त्या कोपऱ्यातली भिंत तडकली आणि चौकशीत ठरलं की मिस्त्रीने माल कच्चा वापरला. बाबांना पुढे दोन वर्षं त्या भागात कुणी काम दिलं नाही. घरी ओट्यावर बसून ते एवढंच म्हणाले होते, “सांगतलं होतं म्या सायबाले. पण आपलं कोण आयकते?” मी इंजिनिअर झाले ती या एका वाक्याच्या रागातून. मुलाखतीत, निरोप समारंभात, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या महिला दिनाच्या भाषणात हा किस्सा मी सांगितलाय आणि टाळ्या घेतल्यात. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही नकाशाच दाखवला. उंटावरचा शहाणा आम्ही लहानपणी पुस्तकात पाहिला होता, मी तर चाळीस फूट वर यंत्रात उभी होते.

तरी एक गोष्ट खटकली होती. खुणा ओळीत येत होत्या. बद्द, खणखणीत, बद्द, खणखणीत, सारख्या अंतराने. मी क्षणभर हातोडी थांबवली होती, हे मला स्वच्छ आठवतं. मग स्वतःशी म्हटलं, सळ्याही ओळीतच असतात, गंज सळईच्या वाटेनेच धावणार. उत्तर चुकीचं होतं, पण मूर्खपणाचं नव्हतं. तीच तर पंचाईत आहे. मूर्खपणाचं असतं तर कुणीतरी पकडलं असतं.

छत फोडून दोन-चार ठिकाणी आत बघायला हवं होतं. मी तसं सुचवलं. पण त्या काळच्या गिलाव्यात ॲस्बेस्टॉस, फुप्फुसांना घातक तंतू, असतं, त्याला हात लावायचा तर वेगळे परवाने, वेगळी माणसं. धर्मप्रांताच्या कार्यालयाने नाही म्हटलं. माझा साहेब ग्रेग, तसा भला माणूस, त्याने माझा मसुदा वाचून पेन खाली ठेवलं.

“तू ‘शक्यता आहे’ लिहिलंयस.”

“आत पाहिलेलं नाही ना.”

“सुजाता, रविवारी तिथे साठ म्हातारी माणसं बसतात. शंका असेल तर लाल. आपण लाल लिहून कुणी मरत नाही.”

आमच्या अहवालात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रकाने असतात. लाल म्हणजे इमारत वापरू नका. मी पिवळ्याच्या बाजूने भांडू शकले असते. पण माझं ग्रीन कार्ड अकरा वर्षं रांगेत होतं, नोकरीच्या व्हिसावर मी, नोकरीवर घर, आणि ज्याच्या सहीवर हे सगळं उभं त्याच्याशी कुणी रंगावरून वाद घालत नाही. शिवाय साठ म्हातारी माणसं, हेही खोटं नव्हतं. मी लाल केलं. पुढच्याच सोमवारी चर्चच्या दाराला साखळी लागली, आणि ईस्टर आठवड्यावर आला होता.

वस्तीतल्या लोकांनी ईस्टर शेजारच्या गावात जाऊन केला. काहींनी केलाच नाही. त्याआधी गुरुवारी डॉरथीबाईंचा मला फोन आला. नंबर माझ्या कार्डावरचा.

“सू, मला पाच मिनिटं आत जायचंय. क्रूसावरचं कापड काढायचं राहिलंय. डोक्यावर ते तुमचं हेल्मेट घालीन.”

मी ग्रेगला विचारलं. तो म्हणाला, जे छत तासभर बसायला धोक्याचं आहे ते पाच मिनिटांनाही धोक्याचंच. बरोबरच होतं. मी डॉरथीबाईंना तेच शब्द सांगितले.

“झाकलेलंच राहील मग?”

“दुरुस्तीचं ठरलं की उघडता येईल.”

दुरुस्तीचं कधीच ठरलं नाही. पोरंबाळं केव्हाच गाव सोडून गेलेली, वस्ती ओसरलेली, आणि वर इंजिनिअरचा लाल कागद. धर्मप्रांताला चर्च बंद करायचंच होतं, माझा अहवाल हे निमित्त झालं, असं म्हणणारे मला भेटलेत. सुहास, माझा नवरा, त्यातला पहिला. असेलही तसं. पण निमित्ताशिवाय गोष्टी होत नाहीत, आणि ते निमित्त माझ्या अक्षरात होतं. एक उन्हाळा, एक हिवाळा ती इमारत कुलपात राहिली. आत काळ्या दगडावर मधाच्या रंगाचं ऊन रोज येऊन जात असेल. क्रूस जांभळ्या कापडाखाली. त्या वर्षभरात मी कधी त्या बाजूच्या रस्त्याला गेले तर वळसा घालून जायची. मग पाडकामाची नोटीस लागली आणि पुढच्या मार्चमध्ये यंत्रं आली.

मला कुणी बोलावलं नव्हतं. आमचं काम केव्हाच संपलं होतं. तरी एका शनिवारी सकाळी मी गाडी काढली. चिखल होता, वरून भुरभुर पाऊस. जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहिले तेव्हा मागच्या चार कमानी तेवढ्या उरल्या होत्या. यंत्राचा जबडा चौथीला चावत होता आणि ती पडत नव्हती. यंत्रावरचा माणूस वैतागलेला दिसत होता. तो दुसऱ्या बाजूने आला, पुन्हा चावला. काँक्रीटच्या आतल्या सळ्या बाहेर लोंबायला लागल्या. माझी नजर त्यांच्यावर गेली आणि मी जाळीला नाक टेकवून पाहिलं. सळ्या स्वच्छ होत्या. काल गोदामातून आणल्यासारख्या.

मग ढिगाऱ्याकडे पाहिलं. छताचे मोठमोठे तुकडे आडवे-उभे पडले होते आणि त्यांच्या कापलेल्या कडांमधून लाल रंग दिसत होता. भाजलेली माती. पोकळ ठोकळे, एकाला लागून एक, ओळीने, सारख्या अंतराने, मधे काँक्रीटच्या पट्ट्या. काम चालू असताना केव्हातरी, बहुधा काँक्रीट आणि पोलाद वाचवायला, भरीव स्लॅबच्या जागी कुणीतरी हे घातलं असणार. चांगली पद्धत आहे, आमच्या पुस्तकात आहे, त्या काळात सर्रास वापरायचे. कुणी नकाशा बदलायची तसदी घेतली नाही एवढंच. ठोकळा पोकळ होता म्हणून पोकळ वाजत होता. सडलं काहीच नव्हतं. दोन-चार ठिकाणी गिलावा ओलावला होता, तो एका उन्हाळ्यात दुरुस्त झाला असता.

संध्याकाळी घरी येऊन मी माझा जुना नकाशा काढला. खडूच्या खुणा उतरवलेला. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. एकही खूण ओळ सोडून नव्हती. गंज कितीही सळईच्या वाटेने धावला तरी कुठेतरी थांबतो, कुठेतरी फाटे फोडतो. एवढी शिस्त त्याला नसते. ती शिस्त माणसाच्या हाताची होती आणि दोन दिवस माझ्या हातोडीखाली ती मला सांगत होती.

सुहास मागे येऊन उभा राहिला. “काय गं, तो चर्चचा रिपोर्ट? तो तर क्लोज झाला ना?”

“चुकलं माझं, सुहास. छत चांगलं होतं.”

त्याने नकाशावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “कुणाला बोललीस का हे?”

“नाही.”

“मग बोलू नको यार. प्लीज. लायसन्स जाईल, केस होईल. आपलं ग्रीन कार्ड मधेच लटकेल. आणि बिल्डिंग काय परत येणार आहे?”

सुहास वाईट माणूस नाही. त्याने फक्त माझ्या मनातलं मोठ्याने म्हटलं. मी नकाशाची घडी घातली आणि भात लावला.

ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. आता मला कुणाची भीती नाही, असं म्हणायला हवं. पण भीतीचंही गवंड्याच्या हातावरच्या घट्ट्यासारखं असतं, काम सुटलं तरी तो राहतो. यंदाच्या जानेवारीत मी ठरवलं होतं की बर्फ कमी झाला की डॉरथीबाईंकडे जायचं. मुलीच्या घरी राहायला गेल्यात हे मला ठाऊक होतं, पत्ताही मिळवला होता. फोन केला तर मुलीने उचलला. आई नाताळच्या आधीच गेली म्हणाली. तुम्ही कोण? मी म्हणाले, ओळखीची. म्हणजे आता सांगायला कुणी उरलेलं नाही आणि सांगायचं ते तसंच आहे.

कारण एक गोष्ट मी सुहासलाही सांगितलेली नाही. त्या शनिवारी कुंपणाशी मी एकटी नव्हते.

सळ्या पाहून मी तशीच खिळून उभी असताना मागून कुणीतरी “सू” म्हणून हाक मारली. डॉरथीबाई. तीच लोकरीची टोपी, बूट चिखलाने भरलेले. दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी छातीशी धरलं होतं. जवळ आल्या तेव्हा दिसलं, मातीच्या ठोकळ्याचा फुटका तुकडा, लाल, वहीएवढा. कुंपणाच्या फटीतून हात घालून त्यांनी तो ओढून घेतला होता.

“बघ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. “मी म्हटलं नव्हतं? मातीच्या पेट्या. आमच्या घरात सगळे हसायचे बाबांना. आई म्हणायची, दारू प्यायला की याच्या पेट्या वाढतात. बघ, आहेत की नाही?”

“आहेत,” मी म्हणाले.

यंत्राने चौथ्या कमानीला पुन्हा धक्का दिला आणि ती आत्ता कुठे गेली. जमीन पायाखाली हलली. डॉरथीबाईंनी धूळ बसेपर्यंत डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

“तू वर जाऊन पाहिलं होतंस. मला कुणी नीट सांगत नाही, म्हातारी म्हणून गोंजारतात. तू सांग. राहू दिलं असतं तर ते खरंच पडलं असतं का?”

खरं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. ते माझ्या जिभेवर होतं. नाही, डॉरथीबाई, पडलं नसतं. तुमच्या बाबांनी सांगितलं ते खरं होतं, मी ऐकलं नाही. एवढी तीन वाक्यं. पण त्याच वेळी मला ग्रेग दिसला, वकील दिसले, व्हिसाचे कागद दिसले. आणि मग माझ्या मनाने एक छान पळवाट काढली. इमारत तर गेली. आता खरं सांगून या बाईच्या जिवाला जन्मभराची आग का लावा? इमारत जायलाच हवी होती असं समजली तर निदान शांत झोपेल. दयेच्या नावावर माणूस आपलं काय काय खपवून घेतो.

“हो,” मी म्हणाले. “पडलं असतं.”

त्यांनी मान हलवली.  अंगठ्याने हातातल्या तुकड्याच्या कडेवरची माती पुसली, तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“म्हणजे बाबांचंच काम कच्चं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि मरेपर्यंत सांगत राहिले, माझ्या हातचं छत आहे म्हणून.”

मग त्या वाकल्या. वाकायला त्यांना वेळ लागला. जाळीच्या फटीतून त्यांनी तो तुकडा परत आत ढिगाऱ्यावर ठेवला आणि हात कोटाला पुसले.

“घरी नेणार होते,” त्या म्हणाल्या. “खरं सांगितलंस. थँक यू, सू.”